कारवाईचा बडगा आणि माझं हेडिंग

“कुठला बडगा? कुणी उगारला? मला तर दिसून न्हाई राहिला!”

लातूरहून एक क्लासवाले सर फोनवर ओरडत होते. मी नांदेडला एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. वार्ताहरांच्या बातम्या तपासायच्या आणि त्यांना हेडिंग द्यायचं, हे माझं काम. सरांना संपादक हवे होते, पण साहेब यायच्या आधी मीच टेबलावर सापडलो.

“तुमचा पेपर वाचून पोरींचे बाप अहमदपूर-चाकूरहून मिळेल त्या एसटीनं आलेत. पोरींना घरी न्यायला त्यांच्या पेट्या भरून राहिलेत. बारावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली, अन् क्लास बंद झाला म्हणतात. कुणी केला बंद?”

मला माहीत होतं. मीच केला होता.

बडगा म्हणजे जाड सोटा. घरात हा शब्द कुणी बोलत नाही, पेपरात मात्र रोज लागतो. पालिकेनं टपऱ्या उचलल्या, दुकानाला सील ठोकलं, नळ तोडले, की आम्ही ‘कारवाईचा बडगा’ लिहितो. नुसता कागद गेला असेल तर ‘नोटीस’, फार तर ‘तंबी’. नव्या माणसाला मी हेच शिकवायचो, की आधी विचार, कुलूप लागलं का?

आदल्या संध्याकाळी दिलीपची बातमी आली होती. दिलीप आमचा लातूरचा वार्ताहर. भूकंप झाला तेव्हा तो लातूरला होता आणि मी नांदेडला, एवढाच काय तो फरक. तो ढिगाऱ्यांतून बातम्या पाठवायचा, मी त्यातल्या वेलांट्या सुधारायचो. नाव त्याचं झालं. पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हाही पहिल्या पानावर तोच. आता लातूर कार्यालयाचा प्रमुख नेमायचा होता आणि नावं दोनच होती, त्याचं आणि माझं. त्याचं नाव छापलेलं दिसलं की माझ्या पोटात दुखायचं, हे कबूल करतो.

बातमी साधी होती. या सरांच्या क्लासच्या इमारतीला जिना एकच, तेव्हा पंधरा दिवसांत दुसरा करा, अशी पालिकेची नोटीस. दिलीपचं हेडिंग होतं, ‘दुसऱ्या जिन्यासाठी क्लासला नोटीस’. मी ते खोडलं आणि ‘क्लासचालकांवर कारवाईचा बडगा’ असं ठोकून दिलं. खाली त्याचं नाव तसंच ठेवलं. बोलणी बसली तर त्याला बसतील, एवढाच माझा विचार होता.

साहेब आले. त्यांनी स्पीकरवर दिलीपला फोन लावला.

“दिलीप, हेडिंग तुझं का?”

“ते मागून बघू, साहेब. मी क्लासच्या दारात हाय. नोटिशीची झेरॉक्स घेऊन एकेका बापाला वाचून दाखवून राहिलो. तुम्ही उद्या पहिल्या पानावर खुलासा टाका, न्हाईतर अजून माणसं येतील.”

साहेबांनी बातमीचा मूळ कागद मागवला. मूळ कागद जपून ठेवायचा नियम डेस्कवर मीच घातला होता. लाल पेनातलं अक्षर माझं होतं.

“जोशी, कुलूप लागलं होतं का?”

“नाही, साहेब.”

“मग?”

मी लाल पेनाला टोपण लावलं. कारण साहेबांना सांगावं लागलंच नाही; प्रमुखपदाची दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती.

दुपारपर्यंत बहुतेक मुली वर्गात परत बसल्या. सरांचा पुन्हा फोन आला. “तुमचा लातूरचा माणूस लई भला हाय,” म्हणाले. ते ऐकूनही मला बरं वाटलं नाही. चार ओळींचा खुलासा मी लिहिला. महिन्याभरात दिलीप लातूरचा प्रमुख झाला. त्यानं हा विषय माझ्यासमोर कधी काढला नाही आणि त्याचाही मला राग आला. दोन शिव्या दिल्या असत्या तर निदान त्याच्यात खोट काढता आली असती.

डेस्कवरच्या नव्या माणसाला मी आता आणखी एक नियम सांगतो. ज्याचा हेवा वाटतो त्याची बातमी आपण तपासू नये. कागद शेजारच्या टेबलावर सरकवावा आणि चहा प्यायला निघून जावं.