बांध नसलेली लढाई

त्या संध्याकाळी बायको पावटे सोलत होती आणि मी जर्मनांवर गोळ्या झाडत होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम.

बंगल्याच्या मागच्या खोलीत जमिनीवरच बसलो होतो. तिच्या पुढ्यात सूप, माझ्या हातात बटणांचा रिमोट. टीव्हीवर माझा शिपाई चिखलात पालथा पडलेला. त्याच्यापुढं गव्हाचं रान आणि रानाच्या पार टोकाला पवनचक्की. आम्ही तिला गिरणीच म्हणायचो. ती गिरणी घेतली की पुढचा मुलूख उघडणार होता.

“बांध धर,” ती मान वर न करता म्हणाली.

“बांधावर मशीनगन हाये.”

“असू दे. पीक तुडवू नको.”

मी बांध धरला आणि मेलो. परत उठलो, परत बांध धरला. तिसऱ्यांदा बांधाच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो. तिनं सूप झटकलं, गुडघ्यावर हात टेकून उठली. “आता पुरं. भाकरी टाकते. गिरणी उद्या.”

मी खेळ तिथंच थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचं आधण ठेवता ठेवता कोसळली. तळेगावच्या दवाखान्यात नेली, ती परत घरी आली नाही. मी रडगाणं लिहायला बसलो नाही. पुढं माझी फसवणूक झाली, ती लिहायला बसलोय.

मी मळवलीला एका मुंबईकराचा बंगला सांभाळतो. शिक्षण चौथी. मालकांनी नवं खेळाचं मशीन घेतलं तेव्हा जुनं टाकून द्यायला सांगितलं होतं. आमच्या घरात काही टाकायचं नाही असा तिचा कायदा. मशीन आमच्या खोलीत आलं, सोबत चार-पाच तबकड्या. पोरानं वायरी जोडून दिल्या. सगळ्या तबकड्या एकाच मालिकेच्या. दर साल-दोन सालानं तिचा नवा भाग निघतो म्हणे. आमच्याकडचे सगळे जुन्या महायुद्धाचे. चिखल, खंदक, लाकडी दस्त्याच्या बंदुका. गोळी भरायला वेळ लागायचा, पळालं की शिपायाला धाप लागायची. माणूस लढतोय हे कळायचं.

तिनं रिमोट कधी हातात धरला नाही. पण जमीन तिच्याइतकी कुणाला दिसत नव्हती. आम्ही भातवाले. जन्म खाचरात गेला. मातीचा उंचवटा दिसला की तिच्यासाठी तो बांध, पाणी साचलं की ते खाचर. फ्रान्स असो नाहीतर रशिया, तिनं सगळ्याचं मावळ करून टाकलं होतं. “वरल्या खाचरातनं ये,” म्हणायची, आणि मला बरोबर कळायचं कुठून यायचं ते.

शेजारच्या बंगल्यावर एक वॉचमन आहे. परंदवडीचा, कारखान्यातून निवृत्त झालेला. तोही हाच खेळ खेळतो. एकदा आमच्याकडं बसून मला बांधावर मरताना बघत होता. त्याला राहवलं नाही.

“भाऊ, गव्हातनं सरळ पळा की. लपायला बी बरं पडतं. खोटंय ते पीक.”

चुलीपाशी बसून ती म्हणाली, “खोटं असलं म्हून काय झालं? कुणीतरी पेरलंच असंल की.”

बांधानं जाऊन मी लयदा मेलो. पीक एकदाही तुडवलं नाही.

ती गेल्यावर मी रोज संध्याकाळी मशीन लावायचो. शिपाई बांधाच्या कोपऱ्यावर पडलेला, गहू वाऱ्यानं हलतोय, पलीकडं गिरणी. तेवढं बघायचं आणि बंद करायचं. पुढं जात नव्हतो. ती गिरणी उद्या म्हणाली होती, आणि तिच्याशिवाय मला ती घ्यायची नव्हती. हे मी पोराला सांगितलं होतं. वॉचमनलाही सांगितलं होतं. दोघांनी माना डोलावल्या होत्या.

मग मालिकेचा नवा भाग येणार म्हणून बातमी आली. वॉचमन मोबाइल घेऊन फाटकातूनच ओरडत आला. झलक बघितली. अंगात लोखंड घातलेली माणसं. हवेत उडी मारतात आणि हवेतच आणखी एक उडी मारतात. भिंतीवरून पालीसारखी पळतात. मग सगळी आकाशात, आणि पृथ्वी खाली चेंडूएवढी.

“हे कुटं लढत्यात?” मी विचारलं.

“कुटं न्हाई, कवा म्हणा. पुढं. शे-दोनशे सालांनी.”

“कुणाशी?”

“ते काय सांगत न्हाईत.”

त्या सगळ्या झलकेत एकाचाही पाय मातीला लागला नाही. मी दोनदा बघितली, खात्री करायला.

झलकेखाली जगातली माणसं भांडत होती. पसंत नाही म्हणून खाली अंगठा दाबणाऱ्यांची रांग लागली होती. इंग्रजीतलं वॉचमन अंदाजानं वाचून दाखवायचा. आम्हाला जमिनीवर परत आणा. आमचे बूट चिखलात राहू द्या. इतकी वर्षं आम्ही तुमच्याबरोबर होतो, त्याचं हे काय केलंत. मराठीतलं मी स्वतः वाचलं. एकानं लिहिलं होतं, ही लढाई नाही, माकडउड्या आहेत. काही जणांना आवडलंही होतं. ते लिहीत होते, म्हाताऱ्यांनो, तुम्ही बसा खंदकात. मला एरवी कुणी म्हातारा म्हटलं तर राग येत नाही. त्या दिवशी आला.

पण बाकी वाचून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्या घरात जे गेलं होतं त्याचा त्या लोकांशी संबंध नव्हता. तरी इतकी माणसं एका सुरात म्हणत होती की आमचं होतं ते काढून घेऊ नका. मीही बोट दाबून दाबून दोन शब्द लिहिले. “बांध न्हाई.”

त्याखाली कुणीतरी हसण्याची चित्रं टाकली. एकानं विचारलं, बांध म्हणजे कुठली बंदूक? आणखी एकानं लिहिलं, काका, शेतीचा गेम वेगळा मिळतो.

पोरगा तळेगावच्या एमआयडीसीत आहे. फोनवर त्याला सांगितलं तर तो त्यांचीच बाजू घ्यायला लागला.

“आबा, तेच तेच महायुद्ध किती येळा लढायचं? कायतरी नवं नको का?”

“नवं करा की. माती कशाला काढली?”

“शिव्या देणारेच पहिले घेत्यात, बघा तुमी.”

मी म्हणालो, हितले दोघं तर घेणार न्हाईत. वॉचमन शेजारीच उभा होता. त्यानं फोनजवळ तोंड नेऊन सांगितलं, “आपण न्हाई घेत. भाऊंना शब्द दिलाय.”

बनवणाऱ्यांनी मला कसला शब्द दिला नव्हता, एवढं मला कळतं. त्यांना मी कोण, माझी बायको कोण. पण ह्यानं दिला होता.

खेळ निघाला त्या आठवड्यात वॉचमन फाटकाशी दिसेना. म्हटलं, आजारी असेल. डाळभात घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. साहेब टीव्हीपुढं, आणि टीव्हीवर त्याचा लोखंडी गडी भिंतीवरून पळतोय.

मला बघून त्यानं आवाज बारीक केला. “शिव्या द्यायला तरी खेळून बघायला नको का, भाऊ?”

“मग दिल्या का?”

“देतो की. पण उडीला मजा येती हो.”

डबा उंबऱ्यात ठेवून परत आलो. घरी येऊन मोबाइलवर बघितलं. चिखल परत मागणारे तिकडंही नव्या उड्यांच्या युक्त्या एकमेकांना शिकवत होते. त्या माकडउड्यावाल्यानं तर विचारलं होतं, दुहेरी उडी कुठल्या बटणावर आहे? एवढा आरडाओरडा करून सगळे गेले वर, आणि खाली चिखलात राहिलो मी एकटा.

त्या शनिवारी पोरगा आला. मी बंगल्याच्या बागेला पाणी देत होतो. काम आटोपून आत गेलो तर तो मशीनपाशी बसलेला आणि हसतोय.

“आबा, डोळे मिटा.”

“मिटत न्हाई. काय केलंस?”

त्यानं नवा भाग आणला होता. वॉचमननंच त्याला फोन करून सांगितलं होतं, म्हाताऱ्याला आणून दे, एकटा पडलाय, माझ्याबरोबर खेळेल. टीव्हीवर आकाश, चांदण्या, गाणं वाजतंय. मी म्हणालो, बंद कर, माझं लाव. तो जरा घुटमळला.

“आबा, ह्याला जागा लय लागती. मशीनमधी जागा न्हवती. म्हून जुनं काढलं.”

“काढलं म्हंजी?”

“तबकडी हाये की. परत लावता येतंय. फक्त पहिल्यापासनं खेळावं लागंल.”

“आन बांधाचा कोपरा?”

आता त्याच्या ध्यानात आलं. तोंड उतरलं त्याचं. त्यानं आत-बाहेर सगळं शोधलं, कुठं नक्कल राहिलीय का बघितलं, कुणाला तरी फोन लावला. नव्हती राहिली. इंटरनेटच्या ढगात जागा असते म्हणे, आमची ढगातही नव्हती.

“तुला सांगितलं हुतं मी,” एवढंच म्हणालो.

“मला वाटलं तुमी पुढं सरकावं. आई गेल्यापासनं एकाच जागी अडकलाय.”

“अडकलो न्हवतो. थांबलो हुतो.”

तो जेवला नाही. मीही वाढलं नाही. गाडीला किक मारून गेला. मशीनच्या वायरी मी उपसून काढल्या आणि टीव्हीवर तिचं जुनं पातळ टाकलं.

सकाळी उठून आधण ठेवलं. चहाचा डबा काढायला फळीखाली वाकलो तर कोपऱ्यात भाताचं पोतं. दिवाळीनंतर झोडपलेलं, तिनं वाळवून तोंड शिवून ठेवलेलं, भरडायला न्यायचं म्हणून. इतके महिने मी त्याच्या शेजारी बसून टीव्हीतली गिरणी बघत होतो.

गिरणी उद्या, ती म्हणाली होती. कुठली, ते मी विचारलं नव्हतं. विचारायची गरज वाटली नव्हती. तिनं टीव्हीतलीच म्हटली असेल. पोत्याचीही म्हटली असेल. आता ठरवणार कोण?

चहा घेतला. पोतं सायकलच्या मागं बांधलं. फाटकात वॉचमन रिकामा डबा घेऊन उभा होता. “भाऊ, कुटं निघाला?”

“गिरणीला.”

“थांबा, हात लावतो.”

“नको.”

सडकेनं लांब पडतं म्हणून खालून निघालो. रानात हरभरा उभा होता. मधून गाडीवाट पडलेली, लोक पीक तुडवून सरळ जातात. मी सायकल हातात धरली आणि बांध धरला. पोतं एका अंगाला कलत होतं, दोनदा थांबून दोरी आवळली. गिरणीवाला म्हणाला, आबा, लय उशीर केला, किडा लागला असंल. म्हटलं, असू दे, भरड.