भिंतीपुढचे चेहरे

बरकतपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर चित्रकलेचे निवृत्त मास्तर राहतात. अपार्टमेंटच्या फळ्यावर वाकडं अक्षर दिसलं की पुसून स्वतः लिहितात, आणि चिडले की दखनी बोलीत शिरतात. मी इटलीला निघालो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली: तिथल्या एका मध्ययुगीन चर्चमधल्या भित्तिचित्रांचे फोटो. ती चित्रं त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवली होती, पाहिली कधीच नव्हती. "डावीकडची तिसरी कमान," असं दोनदा बजावलंही.

परतल्यावर मी जिन्यातच मोबाईल त्यांच्या हातात दिला. फोटो सरकवता सरकवता त्यांचा आवाज चढला.

"हे तुम्ही. ह्या वहिनी. हे पुन्हा तुम्ही! कायकू जी? सातशे वर्षं ती भिंत उभी आहे, तुम्हाला दोन मिनिटं बाजूला होता आलं नाही?"

"सर, नेटवर मिळतील की चांगले फोटो."

"मग तिकीट काढून गेलात कशाला?"

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि माझा चेहरा कडेला ढकलला. माझ्या कानामागे एका देवदूताचा निळा पंख तेवढा दिसत होता. मास्तर तिथेच जिन्यात बसले आणि धुसफुसत तो पंख पिसापिसाने खिशातल्या वहीत उतरवू लागले.