दक्षिणेचा आकाशदिवा

तिळाच्या तेलाचा ओलसर, करपट वास आला की अजूनही जयेंद्रगंजमधली आमची गच्ची डोळ्यांसमोर उभी राहते: उत्तरेला संध्याप्रकाशात काळवंडत जाणारा किल्ला, हवेत नुकताच शिरलेला गारवा आणि दक्षिणेच्या कठड्याला बांधलेल्या बांबूवर हलकेच डुलणारा कार्तिकातला आकाशदिवा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आमच्या घरात दख्खनला ‘देश’च म्हणत. पितर तिकडचे, म्हणून दिव्याचं तोंडही तिकडेच असे.

त्या वर्षी मात्र आईला दक्षिणेकडे पाहायला दुसरंच कारण होतं. संस्थान विलीन झालं तेव्हा घराचा मान गेला, तो माझ्या वडिलांनी, नानांनी, निमूट सोसला. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी दक्षिणेला भोपाळला गेली, तिच्यामागून कचेऱ्या गेल्या आणि कचेरीबरोबर माझा थोरला भाऊ वसंतादादाही गेला. तिथे निरनिराळ्या राज्यांचे कारकून एका छपराखाली आले, माणसं जास्त झाली आणि दादाची नोकरी सुटली. आम्हांला हे कळेपर्यंत त्याने खोलीही सोडली होती. नाना जाऊन आले. वळकटी काखेत मारून तो स्टेशनाकडे गेला, एवढंच घरमालकाला ठाऊक होतं. तोंड दाखवायची लाज वाटली असेल, असं सगळे म्हणत.  आई जेवायची, पण काय जेवली हे तिला सांगता आलं नसतं.

अशा दिवसांत रशियाने कृत्रिम चंद्र सोडला. मी कॉलेजात विज्ञान शिकत होते. आमच्या प्राध्यापकांनी सगळ्यांना तिथल्या गच्चीवर नेलं, आणि मावळतीच्या निळसर, विरत चाललेल्या उजेडातून एक ठिणगी आवाज न करता आकाश ओलांडून गेली. माणसाच्या हातची वस्तू पृथ्वीला प्रदक्षिणा घालते आहे, या विचाराने माझं भान हरपलं. घरी येऊन मी आईला सांगत सुटले की उद्या त्यात माणूस बसेल आणि आमच्या नया बाजारपासून देशापर्यंतची सगळी भूमी त्याला एका नजरेत दिसेल.

आई वाती वळत होती. तिचे हात थांबले.

“तिथून आपला दिवा दिसेल न?”

त्यात कोणी नाही, नुसतं यंत्र आहे, असं मी समजावलं.

“आज नसेल. दिवा उंच कर. वसंताला पता तर लागेल, घर इथंच आहे.”

ज्याला सगळी पृथ्वी दिसेल त्याला आपला मुलगा दिसणार नाही, हे तिला पटतच नव्हतं. मी बांबूला दुसरा बांबू जोडला. नानांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“आकाशदिवा पितरांचा असतो,” ते म्हणाले. “जित्या माणसाच्या नावानं लावत नसतात.”

आई ऐकेना. त्रिपुरी पौर्णिमा झाली, आळीतले दिवे उतरले, आमचा उतरला नाही. मार्गशीर्षातल्या थंडीत तो एकटाच जळत राहिला, आणि जाणारे-येणारे वर बघून नजर खाली घालत. नाना त्या दिवसांत गच्चीवर पाऊलही टाकत नसत. माझा जीव दोघांच्या मध्ये गुदमरायचा.

मग आई तापाने अंथरुणाला खिळली. तिन्हीसांजेला मी कॉलेजातून परतले, तो दुरूनच दिवा लागलेला दिसला. दारातून आत शिरते तर नाना जिना उतरत होते, धोतराच्या सोग्याला बोटांवरचं तेल पुसत.

“कुणाच्या नावानं लावलात?” आईने अंथरुणातून विचारलं. 

नानांनी तेलाची बुधली कोनाड्यात ठेवली.

“वारा फार आहे,” ते म्हणाले. “उद्या काच बसवतो.”

त्यानंतर रोज तेच दिवा लावत. त्यांनी आशा धरली होती की सोडली होती, हे आईने पुन्हा विचारलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. दादा आला नाही. आई आणि नाना दोघेही गेले.

परवा वर्तमानपत्रात अंतराळातून टिपलेलं रात्रीच्या पृथ्वीचं छायाचित्र आलं होतं. यमुनेच्या खालचा अंधुक ठिपका ग्वाल्हेरचाच असावा. त्यावर बोट ठेवलं आणि ते सवयीने दक्षिणेकडे सरकू लागलं. वाटेत किती दिवे होते, आणि त्यांच्या मधून केवढा काळोख. त्या काळोखातही माणसं राहतातच, असं मी मनाला बजावत राहिले, आणि बोट काही उचलवेना.