सोंडेच्या वळणातला दाणा

ती चांदीची मूर्ती आजही डोळ्यांपुढून हलत नाही. खरे तर मूर्ती दोन होत्या, आणि सारा घोळ तिथेच होता.

मी तेव्हा दक्षिण दिल्लीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. माझा जन्म लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधला, त्यामुळे हद्दीतल्या मराठी मंडळींना मी हक्काचा वाटायचो. गणेशोत्सवाच्या तोंडावर एका सरकारी वसाहतीच्या मंडळाचे लोक घोळक्याने माझ्या केबिनमध्ये शिरले. त्यांच्या उत्सवातली मोठी मूर्ती शाडूची, तिचे विसर्जन होते. रोजच्या अभिषेकाला मात्र वीतभर उंचीची जुनी चांदीची मूर्ती असते. उत्सव संपला की ती धुऊन, लाल कापडात गुंडाळून पेटीत ठेवतात. कोजागरीला चिठ्ठ्या टाकतात, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या घरी ती कुलूपबंद पेटी वर्षभर मुक्कामाला जाते. कोजागरीपर्यंत पेटी सचिवांकडे असते, किल्ली तर वर्षभर त्यांच्याचकडे राहते.

यंदा पेटी उघडल्यावर मंडळातल्या एका काकूंनी चांदी चकचकीत करायला मूर्तीवर दातांची पावडर घासली. कानावरचा मुलामा गेला आणि खालून करडा रंग डोकावला.

मागच्या कोजागरीची चिठ्ठी एका मुस्लीम कुटुंबाची निघाली होती. गृहस्थ साताऱ्याकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत, मंडळाचे जुने सभासद.

"साहेब, आम्ही कुणाचं नाव घेत नाही," घोळक्यातले एक जण म्हणाले आणि लगेच त्या गृहस्थांचेच नाव घेतले. मी फिर्याद अज्ञात इसमाविरुद्ध लिहून घेतली. ते काहींना रुचले नाही. न रुचो.

मूर्तीचा पंचनामा करून ती मालखान्यात ठेवली. सगळे तिला कुठल्यातरी हलक्या धातूची समजत होते, मीसुद्धा. दुसऱ्या दिवशी मंडळाचे सचिव एकटेच आले. निवृत्तीला टेकलेले अधिकारी, कपाळाला गंध, वसाहतीत शब्दाला मान. खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "माझं नाव येऊ देऊ नका. पण त्या साताऱ्याच्या गृहस्थांचा मेहुणा मानेसरला आहे. तिथे म्हणे मशीनवर अख्खी वस्तू छापून काढतात. बिल्कुल हुबेहूब." आपण होऊन खबर आणणाऱ्याकडे मी जरा जास्तच निरखून बघत असे. पण खबर ती खबर, तपासावीच लागते.

साताऱ्याच्या गृहस्थांना चौकशीला बोलावले. सोबत पत्नीही आल्या. उलटसुलट प्रश्न विचारले, उत्तरे बदलली नाहीत. पेटी कपाटाच्या वरच्या खणात होती, कुलूप कोणी उघडले नव्हते.

"आमची धाकटी शाळेत सांगत सुटली होती, बाप्पा आमच्याकडे राहायला आलाय म्हणून," पत्नी म्हणाल्या. "आता तिला खाली खेळायला कोणी बोलवत नाही."

गृहस्थ उठताना म्हणाले, "साहेब, पुरावा असेल तर अटक करा. पण असं अधांतरी ठेवू नका. याच जिन्यावरून रोज चढायचं-उतरायचं आहे मला."

ते वाक्य मला फार लागले. वेळ न घालवता मी हरियाणा पोलिसांना कळवून, मूर्ती घेऊन मानेसर गाठले. मेहुणा गाड्यांच्या सीटच्या कारखान्यात निघाला, त्याचा या प्रकाराशी संबंध नव्हता. तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये मात्र गाड्यांचे नमुन्याचे भाग छापून काढत. मालकाने मूर्ती पाहताच सांगितले, "सर, ये रेझिन है." टाकीतल्या पातळ रेझिनवर, म्हणजे प्लास्टिकसारख्या द्रवावर, प्रकाश पडतो, पडेल तिथे ते घट्ट होते, आणि अशी थरावर थर चढत वस्तू तयार होते. छापताना आधाराला दिलेल्या काड्या मोडल्याच्या खुणा त्याने बैठकीखाली दाखवल्या. आत पोकळी ठेवून शिसे भरले होते, म्हणून वजनावरून कुणाला शंका आली नव्हती.

मग सोंडेच्या वळणातल्या बारीक उंचवट्यावर त्याने बोट ठेवले. "ये मशीन की गलती नहीं है. असली मूर्ती पे कुछ चिपका था, स्कैन में आ गया."

मी भिंग लावले. तांदळाचा दाणा. अक्षता!

ठाण्यात परतल्यावर पावडरवाल्या काकूंना विचारले, "मूर्ती पेटीत ठेवण्याआधी कशी धुता?"

"विसर्जनाहून आलो की आम्ही बायका ब्रशने घासून धुतो. कण राहत नाही. गेल्या वर्षी मात्र सचिवांनीच आधी सगळं आवरलं होतं. ते मांडवात थांबले होते ना, दिव्याजवळ. आम्ही म्हटलं, चलो, एक काम कमी झालं!"

म्हणजे मूर्तीची नक्कल झाली तेव्हा ती धुतलेलीच नव्हती, आणि पेटी अजून सचिवांकडे होती. शिवाय मशीनवर छापलेल्या वस्तूंची गोष्ट त्यांनी मला सांगितली, तेव्हा ही मूर्ती छापील आहे हे ठाण्यात कुणालाच ठाऊक नव्हते.

सचिवांना बोलावले. मूर्ती आणि भिंग समोर ठेवले, दाणा दाखवला.

"हातातून निसटली हो," ते अखेर म्हणाले. "परशू धरलेला हात तुटला. भंगलेली मूर्ती, तीही माझ्या हातून. धुवायलाही हात लावायची भीती वाटली. तशीच गुंडाळून नोएडाला नेली. तिथे कम्प्युटरवर तो तुटलेला हात जोडून दुसरी काढून घेतली."

"आणि त्या माणसावर आळ?"

"लोकच म्हणत होते, साहेब."

"तुम्ही म्हणालात. याच खुर्चीत बसून."

अस्सल मूर्ती त्यांच्या देवघराखालच्या खणात लाल कापडात सापडली. विसर्जन करायचा धीर त्यांना झाला नव्हता. सोंडेच्या वळणात कुंकवाने चिकटलेला तो दाणा तसाच होता. पुढची कारवाई कायद्याप्रमाणे झाली.

लोभाने गुन्हा करणारे मी खूप पाहिले. त्यांचा मला इतका राग येत नाही. पण स्वतःची अब्रू झाकायला दुसऱ्याची अब्रू पांघरणारा माणूस सज्जनांतच सापडतो, आणि तो पकडायला अवघड, हे मला या प्रकरणाने शिकवले.

कोजागरीला मंडळाने मलाही बोलावले. नवी मूर्ती आली होती. अध्यक्षांनी जाहीर केले, यंदा चिठ्ठ्या नाहीत, पेटी सन्मानाने साताऱ्याच्या कुटुंबाकडे जाईल. टाळ्या पडल्या. गृहस्थ उठले.

"नको. चिठ्ठ्याच टाका. फक्त आमची चिठ्ठी त्यात आहे ना, तेवढं बघा."

मी पुढे होऊन वाटीतल्या चिठ्ठ्या उघडून पाहिल्या. त्यांची होती. त्या वर्षी नाव दुसऱ्याच घराचे निघाले, आणि पहिली टाळी त्यांच्या धाकटीने वाजवली.