गाळ आला कुठून?

बाबांची होडी गाळात रुतली ती भर दुपारी, कशेळीच्या खाडीपुलापासून हाकेच्या अंतरावर. मानकोलीच्या गोदामात मी कामाला, त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून जाळ्याला हात लावायला मी सोबत गेलो होतो. ओहोटी लागली होती, पण ती जागा खोलच. बाबा लहानपणापासून तिथूनच ये-जा करत आले. होडी खालून घासली आणि थांबली. बाबांनी बांबू टोचला. हातभर पाण्याखाली काहीतरी मऊ लागलं आणि बांबू त्यात जातच राहिला.

"हितं तर रेती व्हती," बाबा म्हणाले. "पायाला टोचायची."

भरती येईपर्यंत आम्ही उन्हात बसून राहिलो. वर पुलावर कंटेनर अडकलेले, खाली आम्ही. बाबा बांबूला लागलेला काळा गाळ बोटांनी चोळून बघत होते. मला शाळेत शिकलेलं तेवढंच आठवलं.

"वर धरणं झाली ना, ती नदीची रेती-माती अडवतात."

"अडवली तर हितं कमी व्हायला पायजे. वाढली कशी?"

घरी आल्यावर मी तोच प्रश्न गल्लीत विचारला.

शेजाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, पंप लावून रेती उपसली म्हणून. दुसरा म्हणाला, गोदामांच्या भरावाची माती पावसात वाहून येते. दोघांचंही बाबांना पटलं आणि दोघांचंही पटलं नाही.

माझी बहीण शहापूरकडे दिलेली. तिच्याकडे गेलो तेव्हा बाबांनी तिथलं धरण बघायचा हट्टच धरला. तिचे सासरे, म्हणजे बाबांचे व्याही, आम्हाला नदी धरणात शिरते तिथे घेऊन गेले. पाणी उतरलं होतं. जाडसर रेती पसरलेली, पुढे भेगाळलेली माती. बाबांनी चप्पल काढून रेतीत पाय रोवले. "हीच ती," म्हणाले. मग भिंतीच्या खालच्या अंगाला गेलो. तिथे पाणी निवळशंख आणि पात्रात नुसते धोंडे.

व्याही म्हणाले, "पूर्वी पावसाळाभर नदी जोरात यायची, खाडीतला गाळ समुद्रात लोटायची. आता जोर इथंच मोडतो. भरती जो गाळ आणते तो तुमच्याकडेच बसत असेल. माझा आपला अंदाज हां."

बाबांनी मान डोलावली. मलाही हायसं वाटलं. परतताना रिक्षात मात्र ते एकदम म्हणाले, "मंग धरनाची गेटं उघडल्यावर आपल्या गल्लीत पानी शिरतं, त्यो जोर न्हाय?"

त्या पावसाळ्यात तसंच झालं, गेटं उघडली आणि गल्लीत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर बाबा पुन्हा त्या जागी गेले. तिथला गाळ खरंच थोडा हटला होता. पण पुलाच्या पलीकडे, जिथे कधी काही नव्हतं, तिथे नवा उंचवटा आला होता. तो कोणी आणला, खालून समुद्राने की वरून नदीने, आम्हाला कळेना. बाबांनी तिथे लाल फडकं बांधून बांबू रोवला, म्हणजे दुसऱ्या कुणाची होडी तरी रुतायला नको.

आता ते भरतीलाच निघतात आणि पुढच्या भरतीलाच परततात. मधला सगळा वेळ नांगर टाकून होडीतच बसतात.

परवा म्हणाले, "व्याह्यांना इचार, औंदा गेटं कवा उघडनार?"

मी फोन लावला. व्याही म्हणाले, "आम्ही भिंतीच्या कडेला राहतो खरं, पण आम्हाला तरी कोण सांगतं?"