वर्गात शिरलेला नवरा

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकात शेवगावला मी घेत असलेल्या बाळंतपणाच्या वर्गात एक नवरा चक्क आत येऊन बसला होता!

आज रसवंतीपाशी उसाचा वास आला आणि तो आठवला. बाकीचे नवरे बाहेर लिंबाखाली. पहिलं बाळंतपण माहेरी, तिथं नवऱ्याचं काय काम? पण ही जोडी ऊसतोडीला निघालेली. फडावर कळा सुटल्या, तर तिच्याजवळ हा एकटाच असणार.

कळ आली की श्वास कसा सोडायचा, ते मी दाखवलं. बायकोपेक्षा तोच जोरात फुंकत राहिला, पार घामाघूम झाला.

"तुमाला व्हनार हाय का मला?" बायको म्हणाली.

मग तो जे बोलला, त्याला आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. आज मात्र त्यातली धास्तीच ऐकू येते.

"बाई, शिकवनं ऱ्हाऊ द्या, तुमीच चला की आमच्यासंगं फडावर!"