आपोआप बंद पडलं

लग्नाचे व्हिडिओ करणारा माणूस देवावर विश्वास ठेवत असेल नसेल, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर मात्र कधी ठेवत नाही. माझ्याकडे जे होतं त्याचं नाव मी सांगणार नाही. नाव घेतल्यावरसुद्धा ते बंद पडेल अशी मला अजून भीती वाटते. सांगलीत ज्या दुकानदाराने ते बसवून दिलं तो म्हणाला होता, "लय पॉवरफुल हाय, मुंबईत पिच्चरवाले हेच वापरत्यात." मुंबईतले पिच्चरवाले रोज रडतात का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

नवरीच्या डोक्यावर अक्षता पडताना वेग जरा कमी केला की ते बंद पडायचं. सनईच्या जागी दुसरं गाणं लावलं की बंद पडायचं. काहीच न करता मी चहा प्यायला उठलो तरी बंद पडायचं, बहुतेक एकटं वाटत असावं. पडदा दुधासारखा पांढरा व्हायचा, मधे एक चक्र फिरायचं आणि मग एक नम्र पाटी यायची की अडचण आली, क्षमस्व, कंपनीला कळवायचं का? सुरुवातीला मी कळवत असे. आधी सभ्य इंग्रजीत कळवलं, मग मराठीत, आणि शेवटी शेवटी सांगली स्टँडवर सीट पकडताना जी भाषा वापरतात त्या भाषेत. उत्तर एकदाही आलं नाही. वाचणारा बहुधा सातारा-सांगलीकडचा नसावा.

विट्याच्या एका लग्नाचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं. घर गलाईवाल्यांचं, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानांवर भाऊबंद देशभर पांगलेले. लग्नाला सगळे आले आणि चार दिवसांत परत गेले, पण जाताना माझा नंबर घेऊन गेले. मग केरळातून चुलता, पंजाबातून मावसभाऊ, कुठून कुठून फोन. "आमचा फेटा बांधल्याला शॉट हाय न्हवं?" मी सांगायचो, सॉफ्टवेअर बंद पडलंय. पहिले पंधरा दिवस त्यांनी सहानुभूती दाखवली. नंतर पंजाबातला मावसभाऊ म्हणाला, "गड्या, शिंपी परवडला. त्यो निदान 'उद्या' तरी म्हनतो."

सगळ्यात वाईट म्हणजे सेव्हचं बटण. ज्या बटणाने काम वाचायचं, ते दाबलं की हे हमखास मरायचं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? एकदा मी खोलीतून ओरडलो, "सेव्ह होत न्हाई!" तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "डब्यात हाय की शेव, नीट बघ." शेवटी मी माझी पद्धत शोधून काढली. सेव्ह करायचंच नाही. संगणक बंद करायचा नाही, हलवायचा नाही, काम संपेपर्यंत तसाच चालू ठेवायचा, आणि थेट तयार फिल्मच बाहेर काढायची. ही पद्धत मी दुसऱ्या दोन शूटिंगवाल्यांनाही अभिमानाने शिकवली होती. ते हल्ली माझ्याशी बोलत नाहीत.

आता अण्णांबद्दल सांगतो. अण्णा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, उभा जन्म तिथे गेला. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं, ते म्हणजे "आपोआप काय बी बंद पडत न्हाई." गाळपाच्या हंगामात पट्टा तुटला, पंप थांबला की तिथला ऑपरेटर पळत यायचा आणि म्हणायचा, अण्णा, मी काय केलं न्हाई, आपोआप बंद पडलं. अण्णा पाना उचलायचे, यंत्र खोलायचे आणि त्यातून ऑपरेटरने कालच सांडलेला नट काढून त्याच्या हातावर ठेवायचे. अशा माणसासमोर मी रोज जेवताना सांगायचो की सॉफ्टवेअर आपोआप बंद पडतं. ते भाकरी मोडत म्हणायचे, "तूच कायतरी दाबलं आसशील."

एकदा मी हट्टाने म्हणालो, "आवं अण्णा, या आन् सोताच्या डोळ्यानं बघा." ते माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर उभे राहिले. आत नाही आले, माझ्या खोलीत ते कधीच येत नसत. पाऊण तास उभे होते. मी गाणी कापली, फुलं उडवली, नवरा-नवरीला चंद्रावर नेऊन आणलं. सॉफ्टवेअर तपासणीला आलेल्या साहेबांपुढे बसलेल्या शाळेसारखं वागलं. सेव्हसुद्धा झालं! अण्णा फक्त "हं" म्हणाले आणि निघून गेले. ते अंगणात पोचले असतील नसतील, तोच पडदा पांढरा झाला.

खरी गोष्ट अशी की मला त्या सॉफ्टवेअरपेक्षा अण्णांचा राग जास्त यायचा. पाहुण्यांनी विचारलं, पोरगा काय करतो, तर ते म्हणायचे, "घरीच असतो." मी त्याच घरात, त्याच वेळी, शेजारच्या खोलीत पाठ मोडून काम करत असायचो. त्यांच्या मते काम म्हणजे हाताला तेल लागलं पाहिजे. माझ्या हाताला नुसता उंदीर, म्हणजे माउस. ते "घरीच असतो" मला फार लागायचं. चाळिशी जवळ आलेल्या माणसाला असं लागू नये म्हणतात, पण लागायचं.

म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा मी ठरवलं, यांच्यावर फिल्म करायची. सत्कार दसऱ्याच्या संध्याकाळी गावच्या समाजमंदिरात होता, कारण बाहेरगावचे सगळे तेव्हाच घरी येतात. मी कारखान्यात जाऊन शूटिंग केलं, त्यांच्या बरोबरच्या कामगारांशी बोललो, चोवीस मिनिटांची फिल्म रचली. सुरुवातीला मोठ्या सोनेरी अक्षरांत 'सेवापूर्ती'. गावासमोर ती दिसली की अण्णांना कळेल पोरगा काय करतो, एवढाच माझा हिशेब. खंडेनवमीच्या सकाळी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, फक्त शेवटचं गाणं बसवायचं राहिलं होतं. संगणक तीन दिवस चालूच होता. सेव्ह अर्थातच केलेलं नव्हतं. आईला आणि बायकोला बजावून ठेवलं होतं की खोलीत केरसुणीसुद्धा फिरवायची नाही. अण्णांना सांगायची गरज वाटली नाही, ते कुठे आत येतात? आणि मी झेंडू आणायला सांगलीला गेलो.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजतात. ज्याचं पोट ज्याच्यावर, ते त्याचं हत्यार. शेतकरी नांगर-खुरपं पूजतो, सुतार करवत, बायका विळी. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, त्याला विश्रांती. दरवर्षी आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, पाटावर अण्णांचे पाने, हातोडा, छिन्नी मांडलेली असायची आणि शेजारी आईची विळी. मी झेंडूची पिशवी घेऊन आलो तर शेजारचे आप्पा सोप्यात पूजा बघत उभे होते. मी डोकावलो.

पाने होते. हातोडा होता. विळी होती. आणि मधोमध, स्वच्छ पुसलेला, हळदीकुंकवाची पाच बोटं उमटलेला, माझा संगणक होता. पडद्याला हार. कीबोर्डवर अक्षता. कॅमेऱ्याला वेगळा पाट. मागून निघालेल्या वायरी नीट गुंडाळल्या होत्या आणि प्रत्येक वायरीला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधून अण्णांनी फिटरच्या अक्षरात नंबर टाकले होते, एक ते नऊ, परत जोडताना चुकू नये म्हणून.

आप्पांनी विचारलं, "ह्ये काय मांडलंय रं मधी?"

अण्णा उदबत्ती ओवाळत म्हणाले, "आमच्या पोराची हत्यारं हाईत ती. त्येचं पोट त्याच्यावर हाय."

आयुष्यभर जे वाक्य ऐकायचं होतं ते मी ऐकलं, आणि त्याच क्षणी मला कळलं की चोवीस मिनिटांची फिल्म गेली. हसावं की बोंब मारावी? मी झेंडूची पिशवी खाली ठेवली आणि पाया पडलो. कुणाच्या ते अजून मला सांगता येत नाही, अण्णांच्या, हत्यारांच्या की गेलेल्या फिल्मच्या.

"बटन बंद केलं व्हतं का आधी?" मी जमेल तितक्या सहज विचारलं.

"मग? चालू मशीन उचलत्यात व्हय? मुद्दाम बंद करून आनलं." त्यांच्या आवाजात एवढी काळजी होती की मी मुकाट पिशवीतला झेंडू काढायला घेतला. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, तेव्हा जोडून बघायचाही प्रश्न नव्हता. मी दिवसभर सोप्यात बसून हार घातलेल्या संगणकाकडे बघत राहिलो. येणारा-जाणारा त्याला नमस्कार करत होता. विट्याच्या लग्नातला चुलताही केरळातून फोनवर विचारून गेला, फेटा आला का. मी म्हणालो, फेट्याला आज विश्रांती आहे.

दसऱ्याच्या सकाळी अण्णांनी स्वतः संगणक आत नेला. पहिल्यांदाच ते खोलीत आले. एक ते नऊ वायरी बरोबर जोडल्या. मी सॉफ्टवेअर उघडलं. त्याने मोठ्या प्रेमाने सांगितलं की मागचं न वाचवलेलं काम सापडलंय, उघडू का? माझा जीव भांड्यात पडला. मी 'हो' म्हणालो. त्यात विट्याच्या लग्नातली हळद होती, तीही अर्धी.

"काय झालं?" अण्णा मागे उभे होते.

या सॉफ्टवेअरवर मी आजवर शेकड्यांनी आळ घेतले, सगळे खरे होते. पहिला खोटा आळ मी त्या सकाळी घेतला. "कालच, मी बाजारला जायच्या आधी," मी म्हणालो, "आपोआप बंद पडलं व्हतं. समदं गेलं."

मी ते वाक्य यायची वाट बघितली. ते आलं नाही. अण्णा पडद्याकडे बघत म्हणाले, "व्हय. पडत आसंल आपोआप."

मला वाटलं, मी जिंकलो! इतक्या वर्षांचा वाद, आणि शेवटी सॉफ्टवेअरने त्यांनाही पटवलं. मी त्या आनंदात जरा रेलून बसलो, तर ते खुर्ची ओढून शेजारी बसले. "मूळ शूटिंग हाय न्हवं? मग कशाला रडतोस. इंजन खोललं तर परत जोडता येतंय. चल."

दुपारी तीनपर्यंत ते उठले नाहीत, शेजारून सांगत राहिले. हा माणूस ठेव, तो नुसता साहेबापुढं गोड बोलतोय, काढून टाक. मला चार सेकंदांत संपव, त्या उसाच्या मोळ्या टाकणाऱ्याला जास्त दाखव. एडिटिंगची इतकी निर्दय समज मी कुणात पाहिली नाही. दर पाच मिनिटांनी मी श्वास रोखून सेव्हचं बटण दाबायचो आणि तेही माझ्याबरोबर श्वास रोखायचे. दोनदा पडदा पांढरा झाला. अण्णा तेव्हा शेजारीच होते, माझे दोन्ही हात वर होते, पण त्यांनी मी काय दाबलं हे विचारलं नाही.

सात मिनिटांची फिल्म झाली. समाजमंदिरात 'सेवापूर्ती'मधला शेवटचा वेलांटीवाला 'र्ती' पडद्याबाहेर जाऊन 'सेवापू' एवढंच उरलं, त्यामुळे गावाने पुढचा 'र' स्वतःच जोडून बराच वेळ 'सेवापूर' नावाचं गाव शोधलं. प्रमुख पाहुण्यांना स्वतःचा एकही शॉट नसल्याचं दुःख झालं. अण्णांनी सत्काराला उत्तर देताना एवढंच सांगितलं, "पिच्चर आमच्या पोरानं केलाय. त्येचा धंदा हाय त्यो." खाली बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे मला बरं वाटलं, कारण माझे डोळे पुसायचे राहिले होते.

पुढच्या खंडेनवमीपर्यंत मी ते सॉफ्टवेअर बदललं. नवं जरा कमी वेळा बंद पडतं आणि माफी जास्त मागतं. वायरींवरच्या चिठ्ठ्या मात्र तशाच आहेत, पाचव्या नंबरची तेवढी उंदराने, खऱ्या उंदराने, खाल्लीय. त्या खंडेनवमीच्या सकाळी मी आंघोळ करत होतो. खोलीकडे अण्णांची पावलं वाजली, मग थांबली. बटणाचा आवाज काही येईना. मी कान देऊन ऐकत होतो.

"आरं," ते उंबऱ्यावरून ओरडले, "बंद करू का? शेव केलंस का आधी?"

डोक्यावर साबण तसाच राहिला. वर्षभर मी समजत होतो की वाद मी जिंकलो. ज्या माणसाने जन्मभर ऑपरेटरांच्या हातावर त्यांचेच नट ठेवले, त्याला मागच्या दसऱ्याच्या सकाळीच कळलं होतं की बटण कुणी बंद केलं. माझं खोटं त्याने यंत्रासारखं खोलून बघितलं होतं आणि तसंच परत जोडून ठेवलं होतं.

"न्हाई केलं अण्णा," मी आतून म्हणालो. "थांबा. आलो."

ते थांबले.